बहीण असल्याचा पुरावा

माझ्या सख्ख्या भावाने कोर्टात लिहून दिलं की मी त्याची बहीण नाही.

हे वाक्य मी आता इतक्या जणांना सांगितलंय की सांगताना आवाजही चढत नाही. पहिल्यांदा मात्र चढला होता. मुलुंड स्टेशनजवळ एका फरसाणच्या दुकानाच्या वर माझ्या वकीलबाईंचं ऑफिस आहे. तिथे त्यांनी मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी अशी ओरडले की खालचा फरसाणवाला जिन्यात येऊन बघून गेला. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. भावाची अब्रू झाकायची म्हणून नव्हे. तिची लक्तरं त्याने स्वतःच वेशीवर टांगली आहेत. पण या प्रकरणात नावांनी एवढा घोळ घातला की मला आता नाव या गोष्टीचाच वीट आलाय.

आमचे वडील गिरणीत होते. आम्ही लहानाचे मोठे झालो ते वाकोल्याच्या भाड्याच्या खोलीत. माझं लग्न झालं, मग गिरणी बंद पडली, आणि हातात आलेल्या पैशांतून वडिलांनी मुलुंडला सोसायटीत छोटं घर घेतलं. एक खोली आणि स्वयंपाकघर, पण स्वतःचं. आई आधी गेली, नंतर वडील गेले. मृत्युपत्र वगैरे काही नाही. आमच्या कोकणातल्या घरात मृत्युपत्राचं नाव काढलं तर म्हातारा मरायची वाट बघतोस का, असं विचारतात. मागे राहिलो आम्ही दोघं. मी थोरली, तो माझ्याहून बराच धाकटा. तो बायकामुलांसह त्या घरात राहत होता आणि मला त्याबद्दल काडीचंही दुःख नव्हतं.

मी गोवंडीच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. नवरा ट्रॉम्बेला कँटीनमध्ये नोकरीला. आम्हाला क्वार्टर होतं, त्यामुळे घर घ्यायचं राहून गेलं. पुढे मुलीच्या शिक्षणात आणि नवऱ्याच्या बायपासमध्ये साठवलेलं सगळं गेलं, आणि नवरा निवृत्त झाला तसं क्वार्टरही गेलं. तेव्हापासून आम्ही घाटकोपरला भाड्याने राहतो. करार संपत आला की घरमालक चहाला येतो आणि भिंती बघत बसतो. या वयात दर वेळी नव्या घरात भांड्यांची मांडणी लावायला माझे गुडघे आता तयार नाहीत. म्हणजे मुलुंडच्या घराची मला गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. तरी मी मागितलं नव्हतं.

मागायला तोच आला. भाऊबीजेला आला, पाटावर बसला, मी ओवाळलं. त्याने ताटात साडीची पिशवी ठेवली. साडी उलगडून बघते तर पिशवीच्या तळाशी हक्कसोडपत्र. वडिलांच्या घरावरचा माझा हक्क मी राजीखुशीने भावाला सोडते आहे, खाली सहीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवलेली.

आता हक्कसोड ही आमच्याकडे रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी सही करायची, भावाने साडीचोळी करायची आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं. मुलीलाही वाटा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ठाऊक असूनही सगळ्या सह्या करतात. मीही केली असती. तो माझ्यासमोर बसून म्हणाला असता की ताई, हे घर मला दे, तर त्याच दुपारी केली असती. पण ओवाळणी घालायच्या दिवशी हा मागायला आला, आणि तोंडाने मागायचीही धमक नाही. साडीखाली कागद! वर मलाच समजावायला लागला की ही फॉर्मालिटी असते, सगळ्याच बहिणी देतात. मी साडी ठेवून घेतली आणि कागद त्याच्या हातात परत दिला. साडी चांगली होती.

त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. गणपतीला बोलावणं नाही, काही नाही. मग एक दिवस मुलुंडच्या जुन्या शेजारणीचा फोन आला. इमारत पाडून टॉवर होणार होता. त्यासाठी घरं कुणाच्या नावावर आहेत ते सोसायटीने पक्कं करून घेतलं, आणि माझ्या भावाने लिहून दिलं की वडिलांचा तो एकुलता एक वारस आहे. मी तशीच उठून सेक्रेटरीकडे गेले. माझं बाळंतपण वडिलांच्या त्याच घरात झालं होतं आणि हा गृहस्थ माझ्या मुलीच्या बारशाच्या घुगऱ्या दोनदा मागून खाऊन गेला होता. त्याने चष्मा वर केला आणि मला विचारलं, आपण कोण?

तिथून मी थेट वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई चाळिशीच्या, बोलायला फटकळ, कामाला चोख. त्या मला बाई म्हणतात, मी त्यांना मॅडम. दावा त्यांनी लिहिला. सगळा कागद इंग्रजीत. त्या लिहायच्या आणि मला मराठीत सांगायच्या. घरात माझा अर्धा हिस्सा आहे तो द्यावा, आणि तोवर भावाने घराचा व्यवहार करू नये, एवढीच मागणी. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की मी मयताची मुलगी आणि प्रतिवादीची सख्खी बहीण आहे. मी म्हटलं, हे कशाला लिहायचं, सगळ्या मुलुंडला माहीत आहे. त्या म्हणाल्या, कोर्टाला माहीत नाही.

मग त्याचं उत्तर आलं. त्यालाच जुने वकील कैफियत म्हणतात. पहिला परिच्छेद: वादी ही प्रतिवादीची सख्खी बहीण आहे हे प्रतिवादीला मान्य व कबूल नाही, वादीने ते काटेकोरपणे सिद्ध करावं.

मी ओरडले ती तेव्हा. वकीलबाई मात्र शांत. त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि मला त्यांच्या धंद्यातली रीत समजावून सांगितली. दाव्यातली जी गोष्ट नाकारली नाही ती मान्य केली असं धरतात. म्हणून वकील मंडळी एकेक गोष्ट तपासत बसतच नाहीत, परिच्छेद एक ते शेवटपर्यंत सरसकट नाकारतात. साचा तयारच असतो, फक्त नावं बदलायची. सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहिलंत तरी उत्तर येईल की मान्य नाही, सिद्ध करा. एका केसमध्ये म्हणे पोटगी टाळायला नवऱ्याने लग्न नाकारलं, आणि पुढच्याच परिच्छेदात घटस्फोट मागितला. हे सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या वर्गात जो पोरगा एकही गणित न वाचता सगळ्या गणितांपुढे ‘येत नाही’ असं लिहायचा, त्याला मी बाकावर उभं करायची. इथे त्याच अकलेच्या माणसाला काळा कोट घालून साहेब म्हणत होते.

मी त्यांना एकच विचारलं, खाली सही कुणाची आहे? त्यांनी पानं माझ्याकडे वळवली. प्रत्येक पानाखाली भावाची सही. दहावीच्या फॉर्मला सही लागते म्हणून वाकोल्याच्या खोलीत मीच ती त्याच्याकडून बसवून घेतली होती, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून. ती शेपटी अजून तशीच आहे. साचा वकिलाचा असेल, पण सही करायच्या आधी माणूस पहिली ओळ तरी वाचतो. आणि वाचली नसेल तर तेही क्षमा करण्यासारखं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, चिडू नका, बहीण असल्याचं सिद्ध करायला कितीसा वेळ लागतो. दोन कागद आणा.

तिथे नावांचं प्रकरण सुरू झालं.

लग्नात माझं नाव बदललं. आडनाव बदलतं ते वेगळं. आमच्यात पाळण्यातलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि त्या क्षणापासून बाईने त्या नावाला ओ द्यायची. माझं नाव सासूने ठरवलं होतं. भाऊ तेव्हा शाळेत होता. ताटावर वाकून त्याने ते वाचलं आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटला की ताई, हे नाव तुला शोभत नाही. पोरटं बरोबर बोललं होतं. पण मी ते नाव आयुष्यभर वापरलं. शाळेचा दाखला आणि डी.एड. जुन्या नावाचं, नोकरी, आधार, पेन्शन नव्या नावाचं. या दोन्ही बायका एकच, असं सांगणारा एकही धड कागद माझ्याकडे नाही. लग्न तेव्हा कुणी नोंदवत नसे. नाव बदलल्याची जाहिरात सरकारी गॅझेटात द्यायची असते हे आमच्या घरात कुणाला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. वडिलांच्या रेशनकार्डावरून तर लग्न झाल्याबरोबर माझं नाव कमीच केलं होतं.

भावाच्या वकिलाने साच्यात पुढे एक ओळ ठोकून दिली होती की मयताला या नावाची कुणीही मुलगी नव्हती. आणि ते खरंच होतं! वडिलांना या नावाची मुलगी नव्हती, सासूला सून होती. वकीलबाईंचं हसू तेव्हा कुठे मावळलं. त्या म्हणाल्या, याने आंधळेपणाने दगड मारला, पण नेमका दुखऱ्या जागी बसला. आता माणसं उभी करावी लागतील. तुम्हाला दोघांना भावंडं म्हणून ओळखणारी, कोर्टात येऊन सांगणारी.

माणसं! वडिलांकडची, आईकडची, वाडीतली. लग्नाला एस्टी भरून आली होती. मी एकेकाला फोन लावले. वाकोल्यातच राहिलेल्या चुलत भावाने सांगितलं की दोघांच्या भांडणात आम्ही पडत नाही, गणपतीला आम्हाला त्याच्याकडेच जावं लागतं. म्हणजे पडला होताच, फक्त त्याच्या बाजूला. गावी आत्या आहे, ऐंशीच्या पुढची, तिने मला तान्हेपणी न्हाऊ घातलंय. ती फोनवर म्हणाली, "म्हायेरचा घर चेडवान मागूचा नसता गो बाय." मी म्हटलं, मुलगी असून मी मागितलं नव्हतं, त्याने मला बहीण म्हणायचं सोडलं. ती म्हणाली, मगे काय झाला, तो झील आसा. मुलगा आहे, एवढ्यात सगळं आलं. मी फोन ठेवला तो परत केलेला नाही.

मुलुंडच्या इमारतीत तर कुणी दारात उभं करेना. माझ्या दाव्यामुळे टॉवरचं काम अडेल अशी आवई कुणी उठवली ते मला चांगलं माहीत आहे. ज्या शेजारणीने फोन करून मला सांगितलं होतं तीच म्हणाली की मी सांगितलं हे कुणाला सांगू नको हं. नव्या घरात तिला बाल्कनी मिळणार होती. बाल्कनीसाठी माणसं काय काय विसरतात ते मी त्या जिन्यात उभं राहून बघितलं.

त्या दिवशी घरी येऊन मी आदळआपट करत होते. नवरा भेंडी चिरत होता. शांत माणूस आहे. मी तोफ डागत असले की तो भाजी चिरायला घेतो. तो म्हणाला, "अगं, माझा कान त्याने पिळला होता ना."

लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, हे सांगायची ती रीत. हा मान फक्त भावाचा, शेजाऱ्यापाजाऱ्याचा नाही. माझ्या भावाने तो असा जीव खाऊन पिळला होता की नवऱ्याचा कान जेवणाच्या पंगतीपर्यंत लाल होता. सोडेचना. सासरे शेवटी म्हणाले की अरे, मुलगी नेतोय, कान ठेवून जायचा नाहीये. आणि त्याचा फोटो आहे आमच्याकडे.

वकीलबाईंना मी हे जरा ओशाळत सांगितलं, तर त्या खुर्चीत सरळ बसल्या. त्यांनी सांगितलं की घरची माणसं एखाद्याला काय मानून वागली हे कायद्याने बघितलं जातं. कान पिळणं हे वागणं आहे. कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवले की लगेच द्यायचं म्हणून माझ्या साक्षीचं शपथपत्र त्यांनी तेव्हाच करायला घेतलं, आणि इंग्रजीत कान पिळण्याला काय म्हणायचं यावर थोडा वेळ खर्च केला.

त्या शपथपत्रावरून आमची जी भांडणं झाली तशी मी नवऱ्याशीही कधी केली नसतील. मी घरून मजकूर लिहून नेला होता. आई कामाला जायची तेव्हा त्याला कडेवर घेऊन मी पाण्याच्या रांगेत उभी राहायची. त्याला गोवर आला तेव्हा मी परीक्षा सोडली. त्याची बाराखडी मी घेतली, त्याच्या उवा मी काढल्या, त्याने शेजारच्यांची काच फोडली तेव्हा ती मी फोडली असं मी सांगितलं. वकीलबाईंनी एकेक ओळ वाचली आणि एकेक ओळ काढली. हे भावनिक आहे, म्हणाल्या, याला साक्षीदार कोण? मी म्हटलं, साक्षीदार तो. त्या म्हणाल्या, तो प्रतिवादी आहे. मी विचारलं, मग नवऱ्याचा कान चालतो आणि माझी कंबर चालत नाही का? त्या म्हणाल्या, कानाचा फोटो आहे.

फोटोतही मेख होतीच. भाऊ दात विचकून कान पिळतोय, नवरा वेडावाकडा झालाय, मागे सगळे हसताहेत, आणि नवरी मान खाली घालून बसलीय. मुंडावळ्या आणि पदर यांच्यात माझं नाक तेवढं दिसतं. नवरी म्हणून कुणीही बाई असू शकते, असं समोरचा वकील म्हणणार, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं. मोठ्यांनी मान वर करू नको म्हणून सांगितलं होतं, मी केली नाही. आता त्याचे हे भोग.

शपथपत्र आकाराला येत असताना वकीलबाईंनी एक सोपी वाट काढली. त्या भावाच्या वकिलाशी बोलणार होत्या. तो एका ओळीचा कागद देईल, पुरसीस म्हणतात त्याला, की नातं मान्य आहे. मग कान नको, फोटो नको, नावांचा घोळ नको, थेट हिश्श्यावर भांडायचं. मी नाही म्हटलं. वकिलाने साच्यातून नाकारलं आणि वकिलाने साच्यातून मान्य केलं, त्यात माझा भाऊ कुठे आला? जे म्हणायचं ते त्याने माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणावं. न्यायाधीश मुद्दे ठरवायच्या आधी पक्षकाराला उभं करून विचारू शकतात, असं त्यांनीच मला बोलता बोलता सांगितलं होतं. तसं विचारायला लावा, म्हटलं.

"बाई, तुम्हाला घर हवंय की त्याची जिरवायचीय?"

खरं उत्तर दोन्हीही नव्हतं. ते मी फक्त नवऱ्याला सांगितलं. तो जर कोर्टात सगळ्यांसमोर म्हणाला की हो, ही माझी ताई आहे, तर मी तिथल्या तिथे हक्कसोडीला तयार होणार होते. घर घे, टॉवर घे, बाल्कनी घे. मला तेवढं एक वाक्य पुरे होतं.

नवऱ्याच्या हातातला चहा तसाच राहिला. त्याने विचारलं, आणि आपण कुठे राहायचं? त्याला विचारायचा हक्क होता. बायपास झालेला माणूस, दर वेळी सामान बांधताना आधी त्याची औषधांची पिशवी वेगळी काढावी लागते. मी म्हटलं, जिथे राहतो तिथे. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दे. पण तो बोलणार नाही. मला त्याचा हात माहीत आहे, धरलेलं सोडत नाही, तुला फक्त तोंड माहीत आहे." मी त्याच्यावर चिडले. भावाबद्दल नवऱ्याने बोललेलं बाईला खपत नाही, अगदी खटला चालू असला तरी.

तारखेला आम्ही दिंडोशीच्या कोर्टात गेलो. बाहेरच्या बाकावर भाऊ आणि त्याचा वकील बसले होते. भाऊ मागून हुबेहूब वडिलांसारखा दिसायला लागलाय, डोक्यावर तसंच टक्कल पडत चाललंय. वकील त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होता आणि तो मान हलवत होता. मी समोरून गेले तर त्याने मोबाइल काढला.

मुद्दे ठरवायचे म्हणजे दोन्ही बाजूंत नेमका वाद कशावर आहे ते न्यायाधीश लिहून काढतात आणि मग त्यावर पुरावा घेतात. आमचा पुकारा झाला. वकीलबाईंनी, मनात नसताना पण चोख, विनंती केली की प्रतिवादी हजर आहेत, त्यांना नात्याबद्दल कोर्टानेच विचारावं. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी कागद चाळले, माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. आम्हा दोघांची हनुवटी एक आहे, ते आंधळ्यालाही दिसेल. त्यांनी भावाला पुढे बोलावलं आणि मराठीत विचारलं, "ह्या तुमच्या बहीण आहेत का?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. तो लहानपणी काच फोडल्यावर बघायचा तसाच. मी नकळत मान हलवली, बोल म्हणून. अजून मी त्याला उत्तर सांगत होते. त्याच्या वकिलाने घसा खाकरला.

भाऊ म्हणाला, "वकीलसाहेबांनी लिहून दिलंय, तेच."

न्यायाधीशांनी एक क्षण वाट बघितली. पुन्हा विचारलं नाही, त्यांच्यापुढे त्या दिवसाची केवढी तरी कामं होती. त्यांनी खाली मान घातली आणि लिहून घ्यायला सांगितलं. मुद्दा पहिला: वादी ही मयताची मुलगी आहे, हे वादी सिद्ध करते का? बाकीचे मुद्दे त्याच्या खाली. पुढची तारीख दिली. सगळं आटपायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. वडिलांचं घर त्याला फुकटात मिळणार होतं, अर्ध्या वाक्याच्या अंतरावर होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

जिन्यात तो मागून धावत आला. वकील मागे राहिला होता. तो धापा टाकत म्हणाला, "ताई, थांब ना. वकिलाने सांगितलं होतं आत तोंड उघडायचं नाही. कोर्टातलं कोर्टात गं, मनाला नको लावून घेऊस यार."

ताई. किती सहज आलं ते त्याच्या तोंडी! वीस पायऱ्या वर आलं असतं तर काय बिघडलं असतं? जिन्यात लोक चढत होते, उतरत होते, कुणी वकील मोबाइलवर ओरडत होता. नवरा दोन पायऱ्या खाली थांबला होता. त्याने वर बघितलं नाही.

"मान्य नाही," मी म्हटलं. "सिद्ध कर."

त्याला ते कळलंच नाही. तोंड उघडं टाकून तो तिथेच उभा राहिला. म्हणजे पहिला परिच्छेद त्याने खरंच वाचला नव्हता. त्याचं मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. न वाचता बहीण सोडली, वाचून सोडली असती तर निदान काही विचार तरी केला असं म्हणता आलं असतं.

बघ, मी सांगितलं होतं, असं नवरा रिक्षात म्हणाला नाही. घरी येऊन त्याने चवळीची भाजी निवडायला घेतली.

नंतरच्या आठवड्यात मी वकीलबाईंकडे जाऊन सांगितलं की आता माघार नाही, अर्धा म्हणजे अर्धा. त्यांनी शपथपत्र पक्कं केलं. कडेवर घेतलेलं नाही, गोवर नाही, उवा नाहीत. मीही हट्ट केला नाही. मधला सगळा मजकूर सपाट आणि कोरडा होता, आणि तसाच मला तो आता हवा होता. शपथ घ्यायला जायच्या आधी त्यांनी मला समोर बसवून सगळं मराठीत सांगितलं. पहिला परिच्छेद: मी शपथेवर सांगते की प्रतिवादी हा माझा सख्खा भाऊ आहे. पुढे नावांचा खुलासा. पुढे माझ्या लग्नात प्रतिवादीने माझ्या पतीचा उजवा कान पिळला, फोटो सोबत जोडला आहे.

पानं माझ्यापुढे ठेवून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं की नीट ऐकलंत ना, सगळं खरं आहे ना, खोटं शपथपत्र हा गुन्हा असतो.

"कानाचं खरं आहे," मी म्हटलं, आणि सही केली.